शामक गोळ्या अचानक बंद झालेल्या रुग्णांच्या तातडीच्या उपचारांबाबत मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य, आणि मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण, महाराष्ट्र राज्य
प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी: आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, आयुक्त, राज्य उत्पादन शुल्क, कारागृह व सुधारसेवा विभाग, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक

महोदय,

आम्ही राज्यातल्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांच्या अपघात विभागांत पाळी करणारे डॉक्टर, परिचारिका आणि ब्रदर. विद्यावेतन, वसतिगृहे आणि रात्रपाळीतली सुरक्षा यांबद्दलची आमची निवेदने आपल्याकडे आधीच आहेत. त्यांचा तगादा इथे लावत नाही. हे मागणीपत्र एका आजारापुरते आहे. झोपेच्या, घबराटीच्या किंवा नशेच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेणाऱ्या माणसाच्या गोळ्या एकदम बंद झाल्या की तो आजारी पडतो, त्याला झटके येतात, तो बरळू लागतो, आणि वेळेत ओळखले नाही तर दगावतोही. या आजारावरचे औषध जवळजवळ प्रत्येक अपघात विभागाच्या कपाटात असते. रुग्ण खाटेवर, औषध कपाटात, आणि तरीही उपचार होत नाही, कारण गोळीबद्दल कुणी विचारलेलेच नसते. विचारले गेले तरी पुरेसा डोस द्यायला लेखी आधार नसतो. आमच्या जवळपास सगळ्या मागण्या या दोन अडचणींतून निघाल्या आहेत.

मंत्रालयात हे पत्र वाचणारे सगळे वैद्यकीय पार्श्वभूमीचे नसतील, म्हणून आजार थोडक्यात सांगतो. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही एका गटातली औषधे. झोपेसाठी सर्रास दिले जाणारे झोल्पिडेम वेगळ्या रचनेचे, पण मेंदूत त्याच ठिकाणी काम करणारे. मेंदूतल्या पेशींना शांत ठेवणारे ‘गाबा’ नावाचे रसायन आहे, त्याचा परिणाम या गोळ्या वाढवतात. रोज बाहेरून मदत मिळू लागली की मेंदू आपली शांत होण्याची क्षमता आखडती घेतो आणि उत्तेजनाची बाजू चढवून ठेवतो. गोळी चालू आहे तोवर हा तोल टिकतो. गोळी गेली की फक्त उत्तेजन उरते: हात थरथरतात, घाम फुटतो, नाडी आणि रक्तदाब चढतात, झोप पूर्ण उडते, उजेड आणि आवाज सोसवत नाहीत, नसलेली माणसे दिसू लागतात. काहींना झटके येतात. काहींना ताप चढून पूर्ण भ्रम होतो.

वेळेचे गणित फसवे आहे. अल्प्राझोलम शरीरातून लवकर जाते, त्यामुळे त्रास एक-दोन दिवसांत सुरू होतो. क्लोनाझेपाम आणि डायझेपाम रेंगाळतात. तिथे त्रास चार-पाच दिवसांनी, कधी आठवड्यानंतरही डोके वर काढतो. तोवर घरच्यांच्या लेखी गोळीचा विषय संपलेला असतो. “गेल्या सोमवारीच सोडल्या हो त्याने, आता काय त्याचं?” असे नातेवाईक अगदी प्रामाणिकपणे सांगतात.

हे ज्ञान नवे नाही. अमेरिकेत लेक्सिंग्टन इथे १९५० मध्ये बार्बिट्युरेट या शामकांच्या जुन्या गटावर अभ्यास झाला. दीर्घकाळ मोठे डोस दिल्यावर ती एकदम थांबवली, तर झटके आणि भ्रम होतात हे तेव्हाच नोंदले गेले. क्लोरडायझेपॉक्साइड हे अल्प्राझोलमच्या नव्या गटातले पहिले औषध १९६० मध्ये बाजारात आले आणि पुढच्याच वर्षी हॉलिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोठ्या डोसात घेणाऱ्या ११ रुग्णांना नकळत औषध नसलेल्या साध्या गोळीवर नेले. त्यांतल्या १० जणांना नवी लक्षणे आली, दोघांना झटके आले. (आज कोणतीही नैतिक समिती या प्रयोगाला परवानगी देणार नाही.) इतके असूनही अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या धोक्याबद्दल सर्वांत कडक, चौकटीतली धोक्याची सूचना छापायला लावली ती २०२० च्या सप्टेंबरात. ज्ञान आणि व्यवहार यांत साठ वर्षांचे अंतर पडते ते असे.

आपल्याकडची व्याप्तीही सरकारी कागदावर आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. १० ते ७५ वयोगटातले सुमारे १.०८ टक्के, म्हणजे १ कोटी १८ लाखांच्या आसपास लोक वैद्यकीय सल्ल्याबाहेर शामक औषधे घेतात, असे त्यात आहे. संख्येने सर्वाधिक असलेल्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र आहे. मालेगावात ज्या गोळीला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात ती अल्प्राझोलम, आणि छत्रपती संभाजीनगरच्या पोलीस कारवायांच्या बातम्यांत जी ‘बटन’ म्हणून येते ती याच घराण्यातली, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. मात्र सर्वेक्षणाच्या आकड्यात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे गोळी घेणारे लोक धरलेले नाहीत. नवरा गेल्यावर दोन महिन्यांसाठी म्हणून लिहून दिलेली पाव मिलिग्रॅमची गोळी सात वर्षे घेणारी आजी स्वतःला व्यसनी मानत नाही, आणि मानायचे कारणही नाही. तिला कुणी विचारले, “काही नशा करता का?” तर ती “छे, बाई!” म्हणणारच.

आता अपघात विभागात काय घडते ते. दारूला वास असतो, गोळीला नसतो. थरथरणारा, घामाघूम माणूस आला आणि तोंडाला वास आला किंवा बायकोने सांगितले की परवापासून दारू बंद आहे, तर आमचा पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टरसुद्धा बरोबर दिशेने जातो. तेच चित्र गोळीमुळे असेल तर चार वाटा फुटतात. सव्वीस वर्षांच्या मुलाला आयुष्यातला पहिला झटका येतो: सीटी स्कॅन होतो, नॉर्मल येतो, फेनिटॉइनचा लोडिंग डोस जातो, ‘न्यूरो ओपीडी दाखवा’ लिहून तो घरी जातो आणि रात्री पुन्हा येतो. भ्रमिष्ट झालेल्या बाईंना ‘मानसिक’ म्हणून हॅलोपेरिडॉल टोचले जाते आणि हातपाय बांधले जातात. छातीत धडधडते म्हणून आलेल्या माणसाचा ईसीजी काढून “टेन्शन घेऊ नका” सांगितले जाते. चौथी वाट रुग्णालयाच्या आतली आहे, तिच्याबद्दल पुढे येईल. या प्रत्येक ठिकाणी डॉक्टर आळशी किंवा बेफिकीर असतो असे नाही. पन्नास रुग्णांच्या पाळीत जे केसपेपरवर छापलेले नाही ते विचारले जात नाही, एवढेच.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

मागणी १. अपघात विभागाच्या केसपेपरवर आणि १०८ रुग्णवाहिकेच्या नोंदपत्रावर एक छापील प्रश्न असावा: “झोपेची, घबराटीची, फीटची, अंग सैल करणारी किंवा नशेची कोणती गोळी रोज चालू होती का? रोज किती? शेवटची कधी घेतली?” झटका, थरथर, भ्रम, अकारण धडधड यांपैकी काहीही असेल तर हा रकाना रिकामा ठेवता येऊ नये. प्रश्न जाणीवपूर्वक असा लिहिला आहे. ‘व्यसन’ हा शब्द त्यात नाही, कारण तो ऐकला की रुग्ण गप्प होतो आणि सासू-सासरे समोर असतील तर सूनही गप्प होते. ‘फीटची गोळी’ आहे, कारण स्वस्तातले फेनोबार्बिटोन वर्षानुवर्षे घेणारे रुग्ण खेड्यांत पुष्कळ आहेत आणि ते संपल्यावर न थांबणारे झटके येतात. ‘अंग सैल करणारी’ हे शब्द बॅक्लोफेनसाठी आहेत. मणक्याच्या दुखापतीनंतर ताठरपणासाठी ते घेणाऱ्यांचे औषध तुटले तर ताप, ताठरपणा, भ्रम आणि झटके येतात. सीमावर्ती जिल्ह्यांत याच ओळीत ताडीचाही उल्लेख असावा; का, ते मागणी ८ मध्ये आहे. नातेवाइकांना घरी पाठवून गोळ्यांची रिकामी पाकिटे मागवणे ही परिचारिकेच्या अधिकारातली सूचना मानली जावी. लघवीच्या झटपट चाचणीवर मात्र विसंबू नये. नेहमीच्या पट्ट्या डायझेपामचे अवशेष बऱ्यापैकी पकडतात, पण क्लोनाझेपाम आणि लोराझेपाम अनेकदा त्यांतून निसटतात. चाचणी निगेटिव्ह म्हणून निदान खोडले, असे होता कामा नये.

मागणी २. राज्यासाठी एक लेखी उपचारपद्धती शासन निर्णयाने लागू करावी. ही आमची सर्वांत महत्त्वाची मागणी आहे. त्यात निदान पुढच्या गोष्टी स्पष्ट असाव्यात.

बंद झालेल्या औषधाच्या गटातलेच औषध परत देणे हा पहिला उपचार आहे, आणि तो लक्षणे आटोक्यात येईपर्यंत द्यायचा आहे. शिरेतून डायझेपाम ५ ते १० मिलिग्रॅम, काही मिनिटे थांबून, तपासून, पुन्हा. यकृत बिघडलेले किंवा वयस्क रुग्ण असतील तर लोराझेपाम. स्नायूत टोचलेले डायझेपाम भरवशाचे शोषले जात नाही. शीर मिळत नसेल तर स्नायूत लोराझेपाम द्यावे. डोसाचा हिशेब लेखी असणे का गरजेचे आहे ते सांगतो. न्यूकॅसल इथे १२ वर्षे या औषधांतून लोकांना बाहेर काढणारे केंद्र चालवलेल्या प्रा. हेदर अ‍ॅश्टन यांच्या तक्त्यानुसार अल्प्राझोलमचा अर्धा मिलिग्रॅम म्हणजे डायझेपामचे १० मिलिग्रॅम. इतर काही तक्ते याच्या निम्मे धरतात. निम्मे धरले तरी रोज अर्ध्या मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या घेणाऱ्या माणसाचा मेंदू रोजच्या ४० मिलिग्रॅम डायझेपामला सरावलेला असतो. त्याला १० मिलिग्रॅमचे एक ॲम्प्यूल देणे म्हणजे पेटलेल्या गंजीवर तांब्याभर पाणी. केसपेपरवर मात्र ‘डायझेपाम दिले, फरक नाही’ असे लिहिले जाते आणि निदानच चुकले असे समजून पुढचा डॉक्टर वेगळ्या वाटेला लागतो. दुसरे ॲम्प्यूल फोडायला हात धजत नाही, कारण श्वास थांबला तर जबाबदार कोण, हे कुठेच लिहिलेले नसते. ही भीती निराधार नाही. अफूजन्य औषधे किंवा दारू सोबत असेल तर धोका खराच असतो. म्हणून पल्स ऑक्सिमीटर, ऑक्सिजन आणि ॲम्बू बॅग खाटेशी असतील तरच वाढीव डोस, हीसुद्धा पद्धतीतली अट असावी.

काय करू नये, हेही तितक्याच ठळक अक्षरांत हवे. या झटक्यांवर फेनिटॉइन हा मूळ आजाराचा उपचार नव्हे. एकटे हॅलोपेरिडॉल देऊ नये. ते झटक्यांचा उंबरठा खाली आणते. प्रोप्रॅनोलॉल देऊन नाडी खाली आणली तर आजार झाकला जातो, बरा होत नाही. आणि रोज गोळी घेणारा माणूस जास्त गोळ्या घेऊन बेशुद्ध आला, तर उतारा म्हणून फ्लुमाझेनिल सरसकट देऊ नये. त्याने आपणच झटके ओढवून घेतो. पोषण खालावलेले असेल किंवा दारूचीही जोड असेल तर थायमिन द्यावे.

गोळीचा इतिहास मिळाला म्हणून बाकीच्या तपासण्या सोडू नयेत, असेही पद्धतीने बजावावे. साखर सगळ्यांत आधी. मग डोक्याचा मार, सोडियम, मेंदुज्वर, हिवताप. दोन आजार एकाच अंगात असू शकतात. पडून डोक्याला मार लागलेल्या आजींची गोळीही त्याच दिवसापासून बंद असते.

दारूसाठी वापरला जाणारा ‘सिवा-एआर’ हा १० मुद्द्यांचा, ६७ गुणांचा तक्ता अनेक वॉर्डांत भिंतीवर आहे. गोळ्यांच्या बाबतीत तो तपासून सिद्ध झालेला नाही. निरीक्षणाचा आधार म्हणून ठेवावा, पण गुण कमी आले म्हणून औषध नाकारू नये.

मागणी ३. साठा. डायझेपाम, लोराझेपाम आणि फेनोबार्बिटोन ही तिन्ही औषधे राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादी २०२२ मध्ये आहेत. ती अपघात विभागातच, चोवीस तास, लागोपाठ दोन रुग्णांना पुरतील इतकी असावीत. लोराझेपामचे इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. ज्या ग्रामीण रुग्णालयांत लसींच्या शीतपेटीखेरीज दुसरा फ्रिज नाही तिथे छोटा फ्रिज द्यावा. रात्री कपाटाची किल्ली इनचार्ज सिस्टरसोबत घरी जाण्याची पद्धत बंद व्हावी. नियंत्रित औषधांची नोंदवही आम्ही चोख ठेवू. पाळीप्रमुखाच्या सहीने किल्ली विभागातच राहू द्या.

मागणी ४. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवताना पहिला डोस देऊनच रुग्णवाहिका सुटावी, आणि रेफर चिठ्ठीवर डोस व वेळ असावी. दोन तासांच्या रस्त्यावर झटका आला तर मागच्या बाकावर बसलेला भाऊ काहीही करू शकत नाही.

मागणी ५. दाखल रुग्ण. वर म्हटलेली चौथी वाट ही. मांडीच्या हाडाचा खुबा मोडून आलेल्या आजोबांची उपाशीपोटी शस्त्रक्रिया होते. घरच्या गोळ्यांची पिशवी मुलगा घरी घेऊन जातो. तिसऱ्या रात्री आजोबा सलाईन उपसून दाराकडे निघतात. वॉर्डात याला ‘वयामुळे’ म्हणतात. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असताना मिडाझोलमवर अनेक दिवस ठेवलेले रुग्ण वॉर्डात हलवताना ते औषध एकदम बंद झाले तरी असेच होते. प्रत्येक दाखल रुग्णाच्या घरच्या औषधांची यादी २४ तासांत केसपेपरवर यावी, आणि शामक औषध कुणी, कशासाठी थांबवले याची सही असल्याशिवाय ते थांबू नये. भूलतज्ज्ञांच्या तपासणी तक्त्यात हा मुद्दा घालणे सर्वांत सोपे आहे; सुरुवात तिथून करावी.

मागणी ६. घरी सोडताना. झटके थांबले म्हणजे आजार संपला असे नाही. अमेरिकेतील व्यसनोपचार वैद्यकांच्या संघटनेने इतर वैद्यकीय संघटनांसह २०२५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत डोस दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्क्यांनी उतरवावा, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून जास्त सहसा उतरवू नये, असे म्हटले आहे. म्हणजे हे काम महिन्यांचे आहे. आपल्याकडे शुक्रवारी रात्री आलेल्या रुग्णाला शनिवारी ‘मानसोपचार ओपीडी’ लिहून सोडतात. ती ओपीडी उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून ठरलेल्या दिवशीच असते. मधले दिवस तो कुठून काढणार? तो गल्लीतून गोळी आणतो, आणि पुढच्या वेळी आम्ही त्याला ‘पुन्हा नशा केली’ म्हणतो. आमची मागणी: पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत पुरेल इतके औषध, मोजून, शक्यतो रोज एका नातेवाइकाच्या हातून देण्याच्या अटीवर, अपघात विभागातूनच मिळावे, ती तारीख जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाला त्याच दिवशी कळवावी, आणि कागदावर टेलिमानसचा १४४१६ व नशामुक्तीचा १४४४६ हे क्रमांक छापलेले असावेत. ज्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळी घेतली त्यांना नशामुक्ती केंद्रात ढकलू नये. त्यांचा नेहमीचा डॉक्टर आणि दोन ओळींचे पत्र बहुतेकदा पुरते.

मागणी ७. पोलीस कोठडी आणि कारागृह. अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ मध्ये आहे. ती तपासणी आमच्याच अपघात विभागात, हवालदार दाराशी उभा असताना, दोन मिनिटांत होते आणि तिचा छापील नमुना प्रामुख्याने जखमांचा असतो. त्यात मागणी १ मधला प्रश्न यावा. अल्प्राझोलम घेणारा तरुण अटकेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोठडीत झटक्याने पडतो, आणि मग कोठडीतल्या मृत्यूची चौकशी लागते. पोलिसांच्या दृष्टीनेही हा प्रश्न विचारणे सोयीचेच आहे. उत्तर देताना आरोपीला भीती वाटू नये म्हणून तपासणीच्या वेळी हवालदाराने ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर उभे राहावे, आणि हे उत्तर उपचाराच्या कागदावर राहावे. अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला ठरावीक मर्यादेत खटल्यापासून संरक्षण दिले आहे; त्या कलमामागचा हेतू अपघात विभागाच्या दारातही पाळला जावा.

मागणी ८. छापे आणि रुग्णालये यांचा मेळ. तेलंगणात निजामाबाद, महबूबनगर भागांतल्या ताडीत क्लोरल हायड्रेट, डायझेपाम आणि अल्प्राझोलमची भेसळ वर्षानुवर्षे चालत आली आहे. २०१५ च्या सप्टेंबरात तिथे या ताडीवर कडक कारवाई झाली. कारवाई योग्यच होती. पण रोज ही ताडी पिणारे शेतमजूर, बायका, म्हातारी माणसे एका आठवड्यात झटके, भ्रम आणि विचित्र वागणे घेऊन मोठ्या संख्येने सरकारी रुग्णालयांत येऊ लागली, आणि मृत्यूही झाले. निजामाबाद आपल्या नांदेडला लागून आहे. क्लोरल हायड्रेटची ताडी सोलापुरातही पकडली गेलेली आहे. राज्य उत्पादन शुल्क विभाग आणि अन्न व औषध प्रशासन यांनी ताडीवर किंवा गोळ्यांच्या साठ्यावर मोठी कारवाई करताना जिल्हा शल्यचिकित्सकांना, गुप्तता राखून, निदान कारवाईच्या दिवशी कळवावे. पुढचे दहा दिवस त्या तालुक्यांत वाढीव औषधसाठा आणि मोकळ्या खाटा ठेवता येतील. पुरवठा तोडायचा आणि तुटलेल्या माणसांना वाऱ्यावर सोडायचे, असा अर्धा बंदोबस्त आम्हाला मान्य नाही.

याच मागणीचा दुसरा भाग किरकोळ औषध दुकानांचा. अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे २०१४ च्या मार्चपासून अनुसूची एच-१ मध्ये आहेत. विक्रीची वेगळी नोंदवही तीन वर्षे ठेवणे दुकानदाराला बंधनकारक आहे. नोंदवह्या तपासाव्यात, जरूर. पण नेहमीच्या रुग्णाला “चिठ्ठी जुनी झाली, गोळी मिळणार नाही” असे सांगताना जवळच्या सरकारी रुग्णालयाचा पत्ता देण्याची सूचनाही दुकानांवर लावावी.

मागणी ९. नोंद. आमच्या वह्यांत हे रुग्ण ‘झटके, कारण शोधणे’, ‘तीव्र मनोविकृती’, ‘बदललेली शुद्ध’ अशा नावांखाली विखुरले आहेत. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात या आजाराला एफ-१३.३ आणि भ्रमासह असल्यास एफ-१३.४ असे क्रमांक आहेत. ते वापरणे सक्तीचे करावे आणि दर सहा महिन्यांनी जिल्हावार आकडे जाहीर करावेत.

मागणी १०. आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आंतरवासी डॉक्टरांच्या अपघात विभागातील पाळीत हा विषय प्रात्यक्षिकासह घ्यावा, परिचारिकांसाठीही. एक दुपार पुरेशी आहे.

या मागण्यांवर दोन आक्षेप येतील, आणि ते आमच्याच सहकाऱ्यांकडूनही येतात. पहिला: नशेखोराला डॉक्टरांनीच गोळी द्यायची का? मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांशी निगडित अवस्था समाविष्ट आहेत. त्याच कायद्याचे कलम २१ शारीरिक आजाराइतक्याच दर्जाची तातडीची सेवा मागण्याचा हक्क देते, आणि कलम ९४ कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरला ७२ तासांपर्यंत तातडीचा उपचार करण्याची मुभा देते. रुग्ण का आजारी पडला यावर उपचाराचा दर्जा ठरवण्याचा अधिकार आम्हाला कुणीही दिलेला नाही. दुसरा आक्षेप: काही जण इंजेक्शनसाठी नाटक करतात. करतातही, रात्रपाळीत आम्ही ती नाटके पाहतो. पण १३० ची नाडी, भिजलेला शर्ट आणि पसरलेल्या बाहुल्या यांचे नाटक करता येत नाही. एखाद्याने आम्हाला फसवून एक डोस मिळवला तर त्याचे नुकसान किती, आणि खऱ्या रुग्णाला नाटकी समजून बाकावर बसवले तर नुकसान किती, याचा हिशेब विभागातल्या कोणत्याही सिस्टरला विचारावा.

खर्चाचे सांगायचे तर केसपेपरवरची एक ओळ, काही छोटे फ्रिज, स्वस्तातली तीन औषधे आणि एक शासन निर्णय. दरवर्षी २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिनाच्या फेऱ्या निघतात, त्यांत आम्हीही पांढरे कोट घालून चालतो. गोळ्या सोडा असे आवाहन करणाऱ्या शासनाने, त्या एकदम सोडल्यावर होणाऱ्या आजाराची सोय करणेही ओघाने आले. उलट त्या फेऱ्यांतल्या फलकांवरच ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी एकदम बंद करू नका’ ही ओळ छापली पाहिजे.

मागणी १, २ आणि ३ यांवर ९० दिवसांत निर्णय व्हावा, बाकीच्यांसाठी अपघात विभाग, मानसोपचार, भूलशास्त्र, परिचर्या आणि औषधनिर्माण यांचे प्रतिनिधी असलेली समिती नेमावी आणि तिला सहा महिन्यांची मुदत द्यावी, अशी आमची विनंती आहे. उपचारपद्धतीचा मसुदा आम्ही तयार केला आहे. भेटीच्या वेळी सोबत आणू. या मागण्यांसाठी आम्ही काम बंद ठेवणार नाही, कारण ज्यांच्यासाठी हे लिहिले ते रुग्ण आजच्या रात्रीही येणार आहेत. भेटीची तारीख कळवावी.

आपले,
अध्यक्ष, सरचिटणीस आणि कार्यकारिणी सदस्य
(संघटनेच्या वतीने)